दोन उंदीर, दोन उपाय

ज्वारी किंवा मका काढून झाला की शेतात धसकटे उरतात. अर्जेंटिनातील पंपास नावाच्या सपाट, सुपीक प्रदेशातही मक्याच्या काढणीनंतर धसकटेच उरतात. पण तेथील शेतमजुरांना १९५० नंतरच्या काळात या धसकटांची भीती वाटू लागली. दक्षिण गोलार्धातले ऋतू आपल्या उलट असतात, त्यामुळे तेथे मक्याची काढणी साधारणपणे मार्च ते जून या महिन्यांत होते. नेमके याच दिवसांत धडधाकट माणसे तापाने फणफणत. अंग मोडून येई, डोळ्यांच्या मागे ठणका लागे, चेहरा आणि हिरड्या लालबुंद होत. आठवडाभराने काही रोगी आपोआप सुधारत. काहींच्या मात्र हिरड्यांतून, नाकातून, आतड्यातून रक्त येऊ लागे, हातपाय थरथरत, शुद्ध हरपे. उपचार न मिळालेल्या रोग्यांपैकी शंभरातले पंधरा ते तीस दगावत. लोकांनी या रोगाला आपल्या भाषेत नाव दिले होते, त्याचा अर्थ 'धसकटांचे दुखणे'.

१९५५ साली डॉ. रोडोल्फो आरिबालसागा यांनी हा एक स्वतंत्र रोग असल्याचे नोंदवले. १९५८ साली आर्मांदो पारोदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा विषाणू वेगळा केला. जवळच्या शहरावरून त्याला 'हुनीन' हे नाव मिळाले. हा विषाणू शेतातल्या एका लहानशा उंदरात राहतो, हेही पुढे कळले.

शेजारच्या बोलिव्हियात याच सुमारास जवळजवळ अशाच रोगाची साथ आली. विषाणू हुनीनचा भाऊबंद होता आणि उंदीरही त्याच जातकुळीतला होता. तरीही दोन्ही ठिकाणी रोग आटोक्यात आणण्याचे उपाय अगदी वेगळे ठरले. असे का झाले, ते या लेखात पाहू.

काळा टायफस

बोलिव्हियाच्या ईशान्येला बेनी नावाचा गवताळ, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा प्रदेश आहे. मध्ये मध्ये उंचवट्यांवर झाडी असते. येथील लोकांचा मुख्य आधार गुरे हा होता. १९५२ च्या क्रांतीनंतर ही घडी विस्कटली आणि अनेकजण झाडी तोडून उंचवट्यांवर शेती करू लागले. १९५९ पासून या शेतांवर काम करणाऱ्यांमध्ये रक्तस्रावी तापाचे रोगी दिसू लागले. लोक त्याला 'काळा टायफस' म्हणत. १९६२ च्या सुमारास हा रोग सान होआकिन या लहान गावात शिरला. १९६२ ते १९६४ या काळात बेनी भागात हजाराहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे १८० मृत्युमुखी पडले. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात असे मृत्यू होऊ लागल्यावर काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येईल.

पनामातील एका अमेरिकी संशोधन केंद्रातून कार्ल जॉन्सन, रोनाल्ड मॅकेन्झी आणि प्राणिशास्त्रज्ञ मर्ल कुन्स हे येथे आले. त्यांनी गावातच तात्पुरती प्रयोगशाळा उभारली. रोगाने दगावलेल्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या प्लीहेतला अंश त्यांनी हॅमस्टरच्या नवजात पिल्लांना टोचला. त्यातून १९६३ मध्ये विषाणू हाती लागला. गावाजवळून वाहणाऱ्या नदीवरून त्याचे नाव 'माचुपो' ठेवले गेले. याच वर्षी जॉन्सन आणि मॅकेन्झी स्वतः या रोगाने अंथरुणाला खिळले. त्यांना विमानाने पनामाच्या रुग्णालयात नेण्यात आले. सुदैवाने दोघेही वाचले आणि पुन्हा सान होआकिनला परतले. आता त्यांच्या रक्तात माचुपोविरुद्धची प्रतिपिंडे तयार झालेली होती, त्यामुळे त्यांना पूर्वीइतका धोका नव्हता.

विषाणू सापडला, पण तो माणसाकडे येतो कोठून? पहिला संशय डास, गोचिडी, पिसवा यांच्यावर होता. कुन्स यांनी असे असंख्य कीटक गोळा केले, पण त्यांत विषाणू मिळाला नाही. तो मिळाला घराघरांतून पकडलेल्या एका उंदरात. त्याचे शास्त्रीय नाव कॅलोमिस कॅलोसस. हा मुळात गवताळ रानाच्या कडेने राहणारा उंदीर, पण तो सान होआकिनच्या घरांत येऊन वसला होता. त्याच्या रक्तात, घशात आणि मुख्य म्हणजे मूत्रात विषाणू होता. मूत्र जमिनीवर, अन्नावर, भांड्यांवर पडे. वाळल्यावर त्याचे कण धुळीबरोबर श्वासात जात.

एवढे उंदीर घरांत आले कसे, या प्रश्नाचे एक उत्तर गावात मांजरेच उरली नव्हती हे होते. हिवतापाच्या निर्मूलनासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले जात होते आणि त्यामुळे मांजरे मेली असावीत, असा संशोधकांना संशय होता.

अर्धे गाव

उंदरात विषाणू सापडला म्हणजे साथ उंदरामुळेच आली, असे सिद्ध होत नाही. कदाचित माणसाला आणि उंदराला दोघांनाही तिसऱ्याच कोठून तरी लागण होत असेल. कदाचित रोग माणसाकडून माणसाकडे पसरत असेल आणि उंदरातला विषाणू हा केवळ योगायोग असेल. याची परीक्षा घेण्याचा सरळ मार्ग एकच होता: उंदीर काढून टाकायचे आणि रोग थांबतो का ते पाहायचे.

पण येथेही एक अडचण आहे. साथी आपोआपही ओसरतात. सगळ्या गावात सापळे लावले आणि रोग थांबला, तर तो सापळ्यांमुळे थांबला की त्याची वेळच आली होती, हे कसे ठरवणार? म्हणून १९६४ मध्ये गावाचे दोन भाग कल्पून आधी एकाच भागात सापळे लावले गेले. त्या भागात नवे रोगी दिसेनासे झाले. दुसऱ्या भागात मात्र ते येतच राहिले. मग तेथेही सापळे लागले आणि साथ संपली. सापळ्यांत हजारो उंदीर सापडले होते. विषाणू मारणारे औषध किंवा लस यांपैकी काहीही नसताना, साध्या सापळ्यांनी एक जीवघेणी साथ थांबली.

येथे विद्यार्थी एक अवघड प्रश्न विचारू शकतात. दुसऱ्या अर्ध्या गावातली माणसे तोवर आजारी पडतच होती ना? होय, पडत होती. पण त्या तुलनेविना सापळ्यांचा उपयोग निश्चित कळला नसता. तो कळल्यामुळेच पुढे त्या भागातील इतर वस्त्यांत काय करायचे, याचे उत्तर मिळाले. हा प्रश्न या लेखात आणखी दोनदा येणार आहे.

उंदीर आजारी का पडत नाही?

हुनीन आणि माचुपो हे 'अरेना' कुलातले विषाणू आहेत. लॅटिनमध्ये अरेना म्हणजे वाळू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर या विषाणूंच्या आत वाळूच्या कणांसारखे ठिपके दिसतात, त्यावरून हे नाव पडले. हे ठिपके म्हणजे ज्या पेशीत विषाणू वाढला, त्या पेशीचेच रायबोसोम असतात.

या कुलातील बहुतेक विषाणू कोणत्या ना कोणत्या उंदराशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहेत. उंदराला विषाणूची लागण अगदी लहानपणी झाली, तर त्याच्या शरीराची संरक्षणयंत्रणा विषाणूला परका समजतच नाही. प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत, विषाणू आयुष्यभर रक्तात राहतो आणि मूत्रातून बाहेर पडत राहतो. उंदीर हिंडत-फिरत असतो. सगळ्याच उंदरांचे असे होत नाही, काहीजण प्रतिपिंडे तयार करून विषाणूला हटवतात. धोका असतो तो पहिल्या गटातल्या उंदरांपासून.

पण म्हणून विषाणू उंदराला अगदी निरुपद्रवी आहे, असेही नाही. माचुपो बाळगणाऱ्या कॅलोमिस माद्यांना जवळजवळ वंध्यत्व येते, कारण गर्भ पोटातच मरतात. त्यामुळे विषाणू फार पसरला की उंदरांची संख्या घटते, संख्या घटली की विषाणूचा प्रसारही कमी होतो आणि निरोगी उंदरांची वाढ पुन्हा सुरू होते. साथी दरवर्षी सारख्याच जोराने का येत नाहीत, याचे एक कारण या चढउतारात असू शकते.

मग माणसालाच हा विषाणू एवढा का बाधतो? याच्या उत्तराचा एक भाग २००७ मध्ये मिळाला. आपल्या पेशींना लोह लागते. ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन रक्तातून लोह वाहून आणते आणि पेशीच्या पृष्ठभागावरील एक ग्राही प्रथिन त्याला आत घेते. हुनीन आणि माचुपो हे दोघेही याच ग्राही प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतात, असे दिसून आले. दक्षिण अमेरिकेत या कुलातील इतरही विषाणू उंदरांत आहेत, पण त्यांपैकी ज्यांना माणसाचे हे ग्राही प्रथिन वापरता येत नाही, ते माणसात रक्तस्रावी ताप आणत नाहीत. म्हणजे कोणता विषाणू उद्या त्रास देऊ शकेल, याचा काही अंदाज प्रयोगशाळेत आधीच बांधता येतो.

माणसाच्या शरीरात विषाणू वाढू लागला की रक्तातील प्लेटलेट पेशींची संख्या घसरते, केशवाहिन्यांमधून द्रव झिरपू लागतो आणि रक्तस्राव होतो. माणूस हा या विषाणूचा नेहमीचा यजमान नाही. तो वाटेत सापडलेला वाटसरू आहे. एका माणसाकडून दुसऱ्याकडे रोग क्वचितच जातो. क्वचित म्हणजे कधीच नाही असे मात्र नाही: १९७१ मध्ये बोलिव्हियातील कोचाबांबा येथे माचुपोचा एक रोगी रुग्णालयात आला आणि रोग तेथील इतरांपर्यंत पोचला.

सापळे पंपासमध्ये का चालले नाहीत?

आता पुन्हा अर्जेंटिनाकडे वळू. सान होआकिनचा धडा तेथे सरळ लागू करता आला असता तर प्रश्नच मिटला असता. पण दोन्ही ठिकाणच्या रोग्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहा. सान होआकिनमध्ये पुरुष, बायका, मुले, म्हातारे असे सगळेच आजारी पडत होते. पंपासमध्ये मात्र बहुतेक रोगी शेतात राबणारे प्रौढ पुरुष होते, आणि तेही काढणीच्या दिवसांत. रोगी कोण आहेत हे पाहिले की उंदीर कोठे आहे हे कळते. बोलिव्हियातला उंदीर घरात होता, तर अर्जेंटिनातला कॅलोमिस मस्क्युलिनस शेतात होता आणि घरात सहसा येतच नव्हता.

शेत म्हटले तरी नेमके कोठे? १९८० नंतरच्या दशकात जेम्स मिल्स आणि त्यांच्या अर्जेंटिनी सहकाऱ्यांनी पुनःपुन्हा सापळे लावून याचा शोध घेतला. हे उंदीर मक्याच्या मधोमध फारसे नव्हते. ते कुंपणांच्या कडेने, बांधांवर, रस्त्याच्या दुतर्फा वाढलेल्या गवताच्या चिंचोळ्या पट्ट्यांत अधिक होते. विषाणू मिळाला तो मुख्यतः मोठ्या वयाच्या नरांमध्ये, आणि त्यांच्या अंगावर मारामारीच्या खुणा असत. म्हणजे येथे विषाणू प्रामुख्याने आईकडून पिल्लांकडे न जाता मोठेपणी, चावाचावीतून आणि संपर्कातून पसरतो, असा अर्थ निघाला.

घर चार भिंतींचे असते, म्हणून त्यातले उंदीर संपवता येतात. बांध आणि कुंपणे मैलोगणती पसरलेली असतात. तेथले उंदीर पकडले तरी शेजारच्या पट्ट्यातून दुसरे येतात. विष टाकावे तर इतर प्राणी-पक्षी मरतात. त्यातच काढणीयंत्रांखाली उंदीर चिरडले जाऊन त्यांच्या रक्ताचे तुषार चालकाच्या श्वासात जाण्याची शक्यता वाढली. १९५८ मध्ये रोगाचा प्रदेश सुमारे १६,००० चौरस किलोमीटर होता. पुढच्या दशकांत तो सुमारे १,५०,००० चौरस किलोमीटरपर्यंत वाढला आणि तेथे पन्नास लाखांच्या आसपास लोक राहत होते. उंदरापर्यंत पोचता येत नसेल, तर माणसालाच संरक्षण देणे भाग होते.

वाचलेल्यांचे रक्त

पहिला उपाय रोगातून उठलेल्या माणसांनीच दिला. त्यांच्या रक्तात हुनीनविरुद्धची प्रतिपिंडे असतात. रक्तातील पेशी काढून टाकल्यावर उरणारा द्रव, म्हणजे रक्तद्रव, नव्या रोग्याला द्यायचा, ही कल्पना साधी होती आणि काही डॉक्टर तो देतही होते. पण त्याचा खरोखर उपयोग होतो का? बहुतेक रोगी काही न करताही वाचत असल्यामुळे केवळ अनुभवावरून सांगणे कठीण होते.

डॉ. हुलिओ मैस्तेगी यांनी पेर्गामिनो येथे हा प्रश्न रीतसर तपासला. एकूण १८८ रोग्यांपैकी काहींना वाचलेल्यांचे रक्तद्रव आणि काहींना सामान्य माणसांचे रक्तद्रव देण्यात आले. कोणाला कोणते मिळाले, हे रोग्याला किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरला माहीत नव्हते. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सामान्य रक्तद्रव मिळालेल्या ९७ जणांपैकी १६ मरण पावले, म्हणजे १६.५ टक्के. प्रतिपिंडे असलेले रक्तद्रव मिळालेल्या ९१ जणांपैकी फक्त एक, म्हणजे १.१ टक्का.

हे आकडे वर्गात फळ्यावर मांडावेत आणि मग थोडे थांबावे. त्या सोळा माणसांना दुसऱ्या गटात टाकले असते तर त्यांतले बहुतेक वाचले असते, हे आज आपल्याला कळते. पण ते कळते याच प्रयोगामुळे. शिवाय या प्रयोगाने दुसरेही एक सत्य दाखवले. रक्तद्रवाने बरे झालेल्यांपैकी दहातल्या साधारण एकाला काही आठवड्यांनी चक्कर, तोल जाणे असा मज्जासंस्थेचा त्रास होतो. तो बहुधा पुढे बराही होतो. उपचाराचा फायदा आणि किंमत दोन्ही मोजल्यावरच तो पक्का झाला. आजारपणाच्या पहिल्या आठ दिवसांतच रक्तद्रव द्यावे लागते, हेही ठरले. तेव्हापासून ताप आलेल्या शेतमजुराने लवकर दवाखाना गाठणे हे निम्मे औषध झाले.

लस

दुसरा उपाय म्हणजे लस. अर्जेंटिनाचे हुलिओ बारेरा ओरो यांनी अमेरिकेतील प्रयोगशाळेत ती तयार केली. १९५८ मध्ये एका रोग्यापासून मिळालेला विषाणू गिनीपिग, उंदरांची पिल्ले आणि माकडाच्या पेशी यांतून पुनःपुन्हा वाढवत नेला गेला होता. नव्या घरांना जुळवून घेता घेता विषाणूची माणसाला आजारी पाडण्याची क्षमता गेली, पण ओळख पटवण्याइतके त्याचे रूप कायम राहिले. पोलिओची तोंडाने द्यायची लस ज्या तत्त्वावर आहे, तेच हे तत्त्व. लसीचे नाव कॅन्डिड-१.

१९८८ ते १९९० या काळात सांता फे प्रांताच्या दक्षिण भागात ६५०० शेतमजूर पुरुषांवर तिची परीक्षा झाली. ३२५५ जणांना लस आणि ३२४५ जणांना तशीच दिसणारी, पण लस नसलेली सुई टोचण्यात आली. त्यांच्यापैकी २३ जणांना हा रोग झाला. त्यातले २२ लस न मिळालेले होते आणि एकच लस घेतलेला होता. दोन्ही गट जवळजवळ सारखे असल्याने हिशेब सोपा आहे: जेथे २२ रोगी व्हायचे तेथे एकच झाला, म्हणजे २१ टळले. २१ भागिले २२ केले की सुमारे ९५ टक्के संरक्षण येते. या वेळी लस न मिळालेल्यांसाठी रक्तद्रवाचा सिद्ध झालेला उपचार हाताशी होता, हा पूर्वीच्या प्रयोगापेक्षा महत्त्वाचा फरक.

१९९१ पासून अधिक धोक्यातील लोकांना लस देणे सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत दोन लाखांहून अधिक लोकांना ती मिळाली. रोग्यांची संख्या शेकड्यांवरून काही दहांवर आली. मैस्तेगी १९९३ मध्ये वारले. लसीच्या परीक्षेचा सविस्तर अहवाल १९९८ मध्ये त्यांच्या नावानेच प्रसिद्ध झाला. अर्जेंटिनात बनवलेल्या लसीला २००६ मध्ये परवानगी मिळाली. परदेशातल्या कारखान्यांना या लसीत फारसा नफा नव्हता, त्यामुळे ती आपल्याच देशात बनवणे गरजेचे होते.

उरलेला प्रश्न

तर, विषाणू भाऊबंद आणि उंदीरही भाऊबंद, पण एक घरात व दुसरा बांधावर, म्हणून एकाला सापळे आणि दुसऱ्याला लस. उपाय विषाणूच्या गुणधर्मांइतकाच उंदराच्या राहणीवरून ठरला.

पण 'रोग गेला' असे म्हणता येईल का? गोवर किंवा देवी यांसारखे रोग माणसाकडून माणसाकडे जातात. म्हणून पुरेशा लोकांनी लस घेतली की विषाणूला वाट उरत नाही आणि लस न घेतलेलेही वाचतात. हुनीनच्या बाबतीत असे होत नाही. सारा गाव टोचून घेतला तरी बांधावरच्या उंदरांतला विषाणू तसाच राहतो. शेजाऱ्याने घेतलेली लस माझे रक्षण करत नाही. नव्याने शेतावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतःची लस घ्यावीच लागते. शिवाय एक विचित्र पेच आहे: लसीमुळे रोगी कमी झाले, म्हणून रोगातून उठलेले रक्तदाते कमी झाले आणि उपचाराचे रक्तद्रव मिळणे अवघड होऊ लागले. बोलिव्हियातही साधारण १९७६ पासून कित्येक वर्षे रोगी आढळले नव्हते. १९९४ मध्ये माग्दालेना या गावी तो पुन्हा उद्भवला आणि एकाच कुटुंबातल्या अनेकांना घेऊन गेला.

हे विषाणू आपल्याकडे नाहीत. पण उंदराच्या मूत्रातून माणसाला रोग होतो, हे कोकणातल्या आणि मुंबईतल्या शिक्षकांना लेप्टोस्पायरोसिसमुळे चांगलेच माहीत आहे, जरी तो जिवाणूचा रोग असला तरी. वर्गात एक छोटा उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरात उंदीर, घुशी आणि चिचुंद्र्या कोठे दिसतात, कोणत्या महिन्यांत अधिक दिसतात आणि तेथे कोण कोण काम करते, याची नोंद वर्षभर ठेवावी. त्यांना हात लावू नये. बंद खोलीतल्या वाळलेल्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत, मोठ्यांकडून आधी जंतुनाशक टाकून ओल्या करून घ्याव्यात. वर्षाअखेर ही नोंदवही उघडली की प्राणी, ऋतू आणि माणसाचे काम या तिन्ही गोष्टी कोठे एकत्र येतात ते दिसेल. सान होआकिन आणि पंपासमधील शोधाची सुरुवात अशाच नोंदींपासून झाली होती.